प्रत्यक्ष पाहणी

गोदामाचं लोखंडी दार जेमतेम अंग जाईल एवढं सरकवून मी आत पाऊल टाकलं, तर समोरून अप्पा सायकलवरून येत होते. अप्पा म्हणजे माझे वडील. पंच्याहत्तरीला टेकलेले, जिना उतरताना कठडा न सोडणारे, गेल्या रविवारीच फोनवर 'माझं काय असणार, जैसे थे' म्हणालेले माझे वडील आईच्या जुन्या हिरव्या सायकलवर ताठ बसून, ओठ घट्ट मिटून, सरळ माझ्या अंगावर येत होते. मला ओरडता आलं नाही. त्यांना थांबता आलं नाही, कारण थांबणं अजून शिकायचं राहिलं होतं, हे मला नंतर कळलं. "बाजूला व्हा मॅडम!" असं अंधारातून कोणीतरी ओरडलं, मी दाराला पाठ लावून उभी राहिले, आणि अप्पा माझ्या नाकासमोरून गेले. वाऱ्यासारखे वगैरे मुळीच नाही. एखादा चालणारा माणूसही त्यांच्या पुढे गेला असता. पण गेले. त्यांच्या नेहमीच्या साबणाचा वास आला, साखळी कुरकुरली, आणि दाराशेजारी रिकाम्या पोत्यांचा ढीग होता त्यात पुढचं चाक जाऊन रुतलं. अप्पा एक पाय जमिनीवर, एक पायडलवर ठेवून तसेच उभे राहिले. मागे वळून न बघता त्यांनी विचारलं, "कुठे पाय टेकला का रे?" "कुठ्ठे नाही, साहेब," मघाचा आवाज म्हणाला, "अख्खी फेरी झाली." "नीट बघितलंस ना?" "नीट." मग अप्पांच्या पाठीतून एक मोठा सुस्कारा निघाला, आणि त्यांनी घंटी वाजवली. रस्त्यात कोणी नव्हतं, रस्ताच नव्हता, तरी वाजवली. माझ्या गळ्यात महामंडळाचं ओळखपत्र होतं, खांद्याला कॅमेरा होता, आणि हे गोदाम रिकामं आहे हे प्रत्यक्ष बघायला मी आले होते.

आमचं महामंडळ म्हणजे सरकारच्या मालकीच्या पण सरकारला नकोशा झालेल्या वस्तूंचा सांभाळ करणारं खातं. बंद पडलेले छापखाने, पाणी आटलेल्या बंदराचा धक्का, कोणी न उतरणारी विश्रामगृहं, असली गोदामं. आम्ही ती सांभाळतो, म्हणजे त्यांच्याबद्दल लिहितो. दर तिमाहीला आमचा अहवाल वर देखरेख विभागाकडे जातो, तिथून शंका काढून खाली येतो, आम्ही शंकांची उत्तरं देतो, त्या उत्तरांवर नव्या शंका येतात, आणि अशा रीतीने सगळ्यांचे पगार निघतात. अहवालात 'सद्यःस्थिती' नावाचा रकाना असतो. तो भरण्याची आमच्याकडे एक पद्धत होती, माझ्या आधीपासूनची. तिमाही संपत आली की एकेका पहारेकऱ्याला फोन लावायचा आणि विचारायचं, काय स्थिती? तो म्हणायचा, जैसे थे. मी लिहायचे, जैसे थे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, पण खरं सांगायचं तर या व्यवहारात उंटही खूश होता आणि शेळ्याही. या गोदामाचा पहारेकरी तर माझा विशेष आवडता, कारण तो प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर द्यायचा आणि वर तब्येतीची चौकशी करायचा. मग एका तलावाकाठचं विश्रामगृह पडलं. पडलं, लोकांनी त्याचे दगड नेले, त्या जागी गवत उगवलं, गवतावर गुरं चरू लागली, आणि आमच्या अहवालात तिमाहीमागून तिमाही ते जैसे थे उभं होतं. देखरेख विभाग एवढा खवळला की थेट परिपत्रकच निघालं: यापुढे प्रत्येक मालमत्तेची अधिकाऱ्याने स्वतः जाऊन प्रत्यक्ष पाहणी करावी, आणि अधिकारी व मालमत्ता एकाच चौकटीत दिसतील असं छायाचित्र जोडावं. जी मालमत्ता लागोपाठ तीन वर्षं रिकामी असल्याचं कळवलं जाईल ती विक्रीला काढावी. या गोदामाचं हे तिसरं वर्ष भरत होतं. माझा एक फोटो आणि माझा एक शब्द, की गोदाम लिलावात. कोणीतरी घेईल, पाडेल, वर मजले चढवेल. सकाळी घरून निघताना मला याचं काहीच वाटत नव्हतं, उलट कचेरीतून बाहेर पडायला मिळतंय म्हणून मी नवा शर्ट घातला होता.

'जैसे थे' हा शब्द कचेरीतून घरी कधी आला ते आठवत नाही. अप्पांनी तो माझ्याकडून उचलला एवढं खरं. आई गेल्यानंतर मी दर रविवारी त्यांना फोन करू लागले. ताई परगावी असते, ती मला फोन करते. म्हणजे अप्पा मला कळवतात, मी ताईला कळवते, आणि ताई शंका काढते. आमच्या घरातला देखरेख विभाग म्हणजे ताई. गोळ्या वेळेवर घेतात का, गुडघा कसा आहे, फिरायला जातात का, कोणाशी बोलतात का. मी अप्पांना विचारायचे, अप्पा म्हणायचे, 'जैसे थे', आणि स्वतःच खुदकन हसायचे. आयुष्यभर सरकारी नोकरी केलेल्या माणसाला तो शब्द एखाद्या खाऊसारखा लागायचा. मला बरं वाटायचं. फोनच्या दुसऱ्या टोकाला एक खुर्ची आहे, खुर्चीत अप्पा आहेत, अप्पांच्या हातात वर्तमानपत्र आहे, असं मला दिसायचं, आणि महिन्यातून एखादे दिवशी मी जायचे तेव्हा खरोखरच खुर्ची असायची, वर्तमानपत्र असायचं. मागच्या बोळात ताडपत्रीखाली आईची सायकल असायची. म्हणजे ताडपत्री असायची. ती उचलून बघायचं माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. आता त्या गोदामात उभी असताना मला तलावाकाठचं विश्रामगृह आठवलं, आणि हसू इतकं जोरात वर आलं की मी कॅमेऱ्याचा पट्टा दातांत धरला.

तेव्हा अप्पांनी मागे वळून पाहिलं. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. चोरून साखर खाताना सापडलेल्या पोराचं तोंड होतं त्यांचं, आणि मला वाटतं माझंही तसंच असावं, कारण इथे यायला मला सहा महिने आधीच सांगितलं होतं आणि मी टाळत होते. पहारेकरी मधे येऊन उभा राहिला. फोनवरच्या आवाजावरून मी लठ्ठ माणूस धरून चालले होते, निघाला काटकुळा. "मॅडम, माझी चूक," तो म्हणाला. "साहेबांना बोलू नका." "तू गप रे," अप्पा म्हणाले, "ही माझी मुलगी आहे." पहारेकऱ्याने माझ्याकडे पाहिलं, अप्पांकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "म्हणजे जैसे थे मॅडम तुमच्या धाकट्या होय!" मी अप्पांना म्हटलं, "पडला असता म्हणजे?" ते म्हणाले, "पडलो ना. दोनदा. हे बघ कोपर." आणि त्यांनी बाही वर करून मला कोपर दाखवलं, शाळेतून आल्यावर मी त्यांना दाखवायचे तसं. खपली धरली होती. त्यांची ठिसूळ हाडं, त्यांना पडू देऊ नका हा डॉक्टरांचा इशारा, ताईचा चेहरा, सगळं एकदम माझ्या अंगावरून गेलं, आणि त्या सगळ्याच्या खाली, अगदी तळाशी, काहीतरी उड्या मारत होतं. आपला बाप सायकल चालवतोय! एवढंच ते सारखं म्हणत होतं. साठी बुद्धी नाठी म्हणतात, हे तर साठी उलटून पुढे गेलेले, पण त्या तोंडावरचं तेज बघून बुद्धी नाठी झाली असेल तर फार चांगल्या ठिकाणी गेली असं मला वाटलं.

अप्पांना सायकल येत नव्हती हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणीच कधी बोललं नव्हतं. अळीमिळी गुपचिळी. ते वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. दुकानादुकानांतून, बाजारातून, कारखान्यांतून पायी हिंडायचे, हातात पितळी वजनांची पेटी. लहानपणी घरात सायकल नव्हती आणि पुढे हुद्दा आला. "निरीक्षकाला पडता येत नाही," ते त्या दिवशी पोत्यांवर टेकून मला म्हणाले. "तराजू तपासायला आलेला माणूसच जर चौकात आडवा झालेला दिसला, तर त्याच्या वजनाला कोण विचारणार?" त्यांची शिस्त अशी की माझ्या सख्ख्या मामाच्या दुकानातलं खोटं वजन त्यांनी जप्त केलं होतं. मामा वर्षभर अप्पांशी बोलला नाही आणि आई वर्षभर दोघांनाही बोलली. घरातही संध्याकाळी आम्हा दोघींना समोर उभं करून ते दिवसाचा जाब विचारायचे, आज काय केलं, काय पाहिलं, आणि नुसतं 'काही नाही' म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. काही नाही म्हणजे काय, ते विचारायचे, डोळे मिटून होतीस का दिवसभर? तो प्रश्न मला तेव्हा फार जाचायचा. पुढे मी जी नोकरी धरली तिच्यात वर्षानुवर्षं डोळे मिटूनच होते, हे त्यांना कधी कळलं नाही, किंवा कळलं असेल आणि जैसे थे म्हणून हसताना तेच हसत असतील.

मला सायकल आईने शिकवली. आमच्या घरापुढच्या मातीच्या रस्त्यावर ती माझ्या मागून धावायची, चपला पायात राहीनात म्हणून काढून एका हातात घ्यायची आणि दुसऱ्या हाताने सीट धरायची. तिची धाप माझ्या मानेवर लागायची. आणि अप्पा फाटकात उभे असायचे, हात पाठीमागे बांधून. ते कधी पुढे आले नाहीत, कधी सीट धरली नाही, मी पडले तेव्हा उचलायला आले नाहीत. एवढंच म्हणायचे, "मी बघतोय." मी पुढे बघत पायडल मारत असायचे आणि उजवीकडून, फाटकाच्या बाजूने, तो आवाज यायचा, मी बघतोय. त्या दोन शब्दांचा मला पुढे कितीतरी वर्षं राग येत असे. नुसतं बघायला काय लागतं, असं मी ताईला म्हणायचे, आणि ताई म्हणायची, बघणाऱ्यांचं खातंच वेगळं असतं. गोदामात उभं राहून मी हे आठवत होते, तेवढ्यात अप्पा हँडलवरची धूळ पुसत सहज म्हणाले, "तुझी आई तुला शिकवत होती तेव्हा मी सगळं नीट बघून ठेवलं होतं, धाकटे. नजर चाकावर नाही ठेवायची, लांब ठेवायची. तोल जाईल त्याच बाजूला हँडल वळवायचं, उलट नाही. सगळं पाठ आहे. ब्रेकचं तेवढं बघायचं राहिलं, तू थेट कुंपणात जायचीस." म्हणजे तो माणूस फाटकात उभा राहून शिकत होता. कोणी म्हणेल आता तुम्ही सायकलवर बसा, या भीतीने पुढे येत नव्हता, आणि नजर मात्र हलवत नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गोदामात धूळ होतीच, त्यामुळे कोणाला काही सांगावं लागलं नाही.

इथेच का, हे मी विचारलं तेव्हा अप्पांना माझ्या अज्ञानाची कीव आली. नोकरीत असताना या गोदामातला मोठा काटा तपासायला ते दरवर्षी यायचे. काटा बसवायचा तर जमीन बिनचूक सपाट लागते. "पाणी ओतलंस तर कुठे जावं ते त्याला समजणार नाही, इतकी सपाट," ते म्हणाले. आणि वर छत शाबूत, रहदारी नाही, बघणारं कोणी नाही. पहारेकऱ्याच्या नेमणुकीच्या हुकमात एक ओळ आहे, की दारं उघडून गोदामातली हवा खेळती ठेवावी. सकाळी फिरायला निघालेले अप्पा त्या उघड्या दारात एकदा उभे राहिले, जुना काटा कुठे गेला म्हणून चौकशी केली, त्यातून ओळख वाढली, आणि एके दिवशी ते आईची सायकल ढकलत घेऊन आले. ट्यूब पहारेकऱ्याने बदलून आणली. सुरुवातीला सीट तोच धरायचा. आता सीट धरायची फक्त निघताना. "आणि थांबायचं कसं?" मी विचारलं. दोघांनीही पोत्यांकडे पाहिलं.

मी बाहेर अंगणात जाऊन आमच्या साहेबांना फोन लावला. म्हटलं, गोदामात माणूस आहे. "कोण माणूस?" म्हटलं, एक म्हातारा आहे. "काय करतोय?" म्हटलं, सायकल शिकतोय. पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग साहेब हळू आवाजात म्हणाले, "हे बघा, त्याला बाहेर काढा. दार ओढून घ्या. बाहेरून तुमचा एक छानसा फोटो घ्या आणि नेहमीचं लिहा. उगाच वापर चालू आहे म्हणून लिहिलंत तर विनापरवानगी वापर झाला, पहारेकऱ्याला घरी बसवावं लागेल, त्या म्हाताऱ्याला नोटीस काढावी लागेल. कशाला नसती उठाठेव?" साहेब चांगले आहेत, त्यांनी चांगल्या मनानेच सांगितलं. म्हणजे रिकामं लिहिलं तर गोदाम जाणार, वापरात लिहिलं तर पहारेकऱ्याची भाकरी जाणार आणि अप्पांच्या नावाने सरकारी नोटीस निघणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. अंगणात ऊन पसरलं होतं. भिंतीच्या फटीतून एक पिंपळासारखं काहीतरी उगवलं होतं, कोवळं, चकचकीत, आणि अहवालात त्याचाही कुठे उल्लेख नव्हता. मी वळले, तर अप्पा दारात उभे. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "म्हातारा कोण?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना परिपत्रक सांगितलं, तीन वर्षांची अट सांगितली, साहेब काय म्हणाले ते सांगितलं. ते पूर्वीसारखेच ऐकत होते, हात पाठीमागे, मान किंचित कललेली. मग म्हणाले, "तू काय लिहिणार?" मी म्हटलं, "नेहमीचंच लिहीन म्हणते. निदान कोणाला त्रास नाही. लिलाव व्हायला वेळ लागतो, तोवर तुम्ही शिकाल." माझा आवाज मलाच आवडला नाही. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मामाचं वजन हातात घेतल्यावर ते मामाकडे असंच बघत होते, रागाने नाही, फक्त तोलून. "रिकामं लिहिणार?" ते म्हणाले. "मी आहे ना इथे." त्यात तक्रार नव्हती. एखादी वस्तू टेबलावर ठेवावी तसं त्यांनी ते वाक्य ठेवलं. "गोदाम विकलं तर विकलं. सायकल शिकायची राहील तर राहील. माझं काय, मी पायी आयुष्य काढलंय. याच्या नोकरीचं बघ, याने दार उघडलं ते हुकमाप्रमाणे उघडलं, आत मी माझ्या पायांनी आलो, तसं स्पष्ट लिही. पण मी इथे असताना रिकामं लिहायचं नाही, धाकटे. जे दिसतंय ते लिही." मी तिथेच उभी होते आणि मला एकदम फार हलकं वाटलं, खांद्यावरचा कॅमेरासुद्धा. किती वर्षांत मला कोणी असं सांगितलं नव्हतं की जे दिसतंय ते लिही. आणि दिसत काय होतं? कोपरावर खपली आणि पायघोळ विजार सायकलच्या साखळीत अडकू नये म्हणून दोरीने बांधलेली. इतकं सुंदर काही माझ्या खात्यात यापूर्वी कधी दिसलं नव्हतं.

"मग फोटो काढ," अप्पा म्हणाले, "नियमाप्रमाणे. अधिकारी आणि मालमत्ता एका चौकटीत." कॅमेरा पहारेकऱ्याच्या हातात दिला. तो मागे मागे जात पार दुसऱ्या भिंतीला टेकला, आणि तेव्हा लक्षात आलं की आता सीट धरायला कोणी नाही. अप्पा सायकलवर बसले आणि वाट बघत राहिले. मी जाऊन सीट धरली. चामडं गार होतं, कडेला आईने शिवलेला टाका तसाच होता. "लांब बघा," मी म्हटलं. "मला शिकवू नकोस," ते म्हणाले, आणि आम्ही निघालो. सुरुवातीला सगळं त्यांचं वजन माझ्या मनगटात आलं, डावीकडे, उजवीकडे, मला वाटलं आता दोघंही आडवे होणार. चपला घसरायला लागल्या. मग ते वजन हळूहळू कमी होत गेलं. कुठे गेलं कोण जाणे, जमिनीत गेलं की हवेत गेलं, पण मी धावत होते आणि माझ्या हातात नुसती सीट होती, ओझं नव्हतं. उंचावरच्या झरोक्यांतून उन्हाचे पट्टे खाली आले होते, अप्पा एकातून गेले, अंधारात गेले, पुन्हा उन्हात आले, त्यांचे पांढरे केस दर वेळी उजळत होते. मी हात सोडला. त्यांना कळलं असावं, कारण त्यांची पाठ ताठ झाली. "बघतेयस ना?" ते ओरडले. गोदामाने तो प्रश्न चारी भिंतींवरून परत परत विचारला. "बघतेय!" मी ओरडले, "मी बघतेय!" आणि धावतच राहिले, सीट न धरता, उगीच, तोंडाने मोठमोठ्याने हसत, पन्नाशीची बाई, गळ्यातलं ओळखपत्र पाठीवर आपटतंय, आणि पुढे आईची घंटी वाजतेय. कुठेतरी कॅमेऱ्याचा आवाज झाला. अप्पा वळले, वळण घेताना थोडे कलले, सावरले, आणि पोत्यांत जाऊन थांबले.

अहवाल मी दुसऱ्या दिवशी कचेरीत बसून लिहिला. 'सद्यःस्थिती' या रकान्यात एकच शब्द मावेल एवढी जागा असते, म्हणून मी वेगळा कागद जोडला. लिहिलं की जमीन कोरडी व पूर्णतः सपाट, छत शाबूत, पूर्वेच्या भिंतीत एक रोप उगवलेले. पहारेकरी हुकमाप्रमाणे दारे उघडून हवा खेळती ठेवतात. पाहणीच्या वेळी एक ज्येष्ठ नागरिक गोदामात सायकल शिकताना आढळले, ते स्वतःहून आत आलेले असून सदर नागरिक अधोस्वाक्षरी करणारीचे वडील आहेत. ते संपूर्ण फेरी पाय न टेकता पूर्ण करतात. थांबण्यासाठी पोत्यांचा वापर करतात. गोदाम रिकामे नाही. शेवटच्या वाक्यातले ते तीन शब्द मला सगळ्यात आवडले. साहेबांनी कागद वाचला आणि चष्मा काढला, मग फोटो बघायला परत घातला. फोटोत सगळं हललेलं होतं. सायकलवर एक उजळ डाग, तो अप्पांचा चेहरा, आणि मागे धावणारी मी. "मालमत्ता कुठाय यात?" त्यांनी विचारलं. म्हटलं, मागे, पुढे, वर, सगळीकडे. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "आणि तुमच्या चपला हातात का आहेत?" मी त्यांच्या हातातून फोटो घेतला. खरंच होत्या, डाव्या हातात, दोन्ही. कधी काढल्या, मला मुळीच आठवत नव्हतं. मी तो फोटो धरून बसले तेव्हा साहेबांनी सही केली आणि म्हणाले, "जबाबदारी तुमची." म्हटलं, माझीच.

त्यानंतरचे दिवस मी धड झोपले नाही आणि धड काळजीही केली नाही. पहारेकऱ्याला फोन केला की तो म्हणायचा, "अजून तरी आहे, मॅडम." ताईला सगळं सांगितलं, तर ती एवढी ओरडली की मी फोन कानापासून लांब धरला, आणि मग बारीक आवाजात म्हणाली, "आईची हिरवी? चालतेय ती?" कचेरीत बसल्या बसल्या मला सीट हाताला लागायची. टेबलावर समोर छापखाने होते, धक्के होते, विश्रामगृहं होती, प्रत्येकासमोर माझ्याच अक्षरात जैसे थे, आणि मला वाटायचं, त्यांच्यापैकी कुठे कोण काय करत असेल! कोणी पोहत असेल, कोणी गात असेल, कोणी नुसतंच उताणं पडून छताकडे बघत असेल. सगळीकडे जायला हवं. पोटात भीती होती आणि तिच्या शेजारीच, एका बाकावर बसल्यासारखा, हा आनंद होता, आणि दोघांचं चांगलं जमत होतं.

देखरेख विभागाचं उत्तर आलं ते नेहमीच्या खाकी पाकिटात. साहेबांनी ते न फोडता माझ्या टेबलावर आणून ठेवलं आणि खुर्ची ओढून समोर बसले. मी वाचलं, मग त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, मग ते दोघांना खरं वाटेना म्हणून त्यांनी मला वाचून दाखवलं. पहारेकऱ्याने हवा खेळती ठेवल्याची नोंद घेण्यात आली होती. भिंतीतले रोप काढावे असं म्हटलं होतं. गोदाम रिकामे या सदरातून वगळून विक्रीचा प्रस्ताव तूर्त मागे ठेवला होता, आणि परवानगीचा अर्ज सदर नागरिकाकडून घ्यावा, म्हणजे तो विचारात घेता येईल, असं लिहिलं होतं. खाली, शंका या मथळ्याखाली, एकच ओळ होती. 'सदर नागरिकास ब्रेक लावता येतो किंवा कसे, याचा अहवालात बोध होत नाही. पुढील तिमाहीत न चुकता कळवावे.'

रविवार नव्हता, तरी मी अप्पांना फोन लावला. ती ओळ वाचून दाखवली. पलीकडून त्यांचा श्वास ऐकू आला, जरा धाप लागलेला, आणि त्यामागे पहारेकऱ्याचं खोकणं. आयुष्यभर दुसऱ्यांची मापं तपासलेल्या माणसाला आज पहिल्यांदा सरकारने शंका विचारली होती, आणि त्यांना ते अतिशय आवडलं आहे हे त्या श्वासावरूनच मला कळत होतं.

"शंका रास्त आहे," शेवटी ते म्हणाले.

"मग काय कळवू?" मी विचारलं. "येतो का लावता?"

"फोनवर नाही सांगणार," अप्पा म्हणाले. "येऊन बघ."